सिंधरोटची वाळू

लेकीचा फोन आला नारकंड्याहून.
जानेवारीत ये. बर्फ गुडघाभर साचतं,
पण बुडायचं नाही, पायांना जाळी बांधून त्यावर चालतात.
सोपं असतं, आई. पहिल्या दिवशी सगळेच पडतात.

मी बडोद्याची. माझ्यासाठी बर्फ म्हणजे
रसवाल्याच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी,
आणि लग्नात आमरसाच्या पिंपाभोवती
मोगरीने फोडलेला चुरा.

माळ्यावर ह्यांच्या रॅकेटी होत्या. लाकडी, टेनिसच्या.
रावपुऱ्यातल्या दुकानात चाळीस वर्षं
हे तात ओवत बसले.
जिमखान्याचे साहेब यायचे, जाळीवर टिचकी मारायचे,
गाणं कळल्यासारखी मान डोलवायचे.
हे स्वतः एकदाही खेळले नाहीत.
शेवटच्या चार तशाच राहिल्या,
गिऱ्हाइकं फिरकलीच नाहीत नंतर.
एकीवर अजून चिठ्ठी: पंड्यासाहेब, दहा रुपये बाकी.

तिच्याच जोडीची दुसरी काढली.
मुठी करवतीने कापताना हात थांबला.
मग नाही थांबला.

रविवारी रंजनबेनच्या स्कूटरवर मागे बसून
महीच्या पात्रात, सिंधरोटला.
वाटेत मांजा रंगवणारे दोऱ्या ताणून बसलेले,
त्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी.
माझ्या मांडीवर पिशवीत दोन जाळ्या
आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.

वाळू कोरडी, भुसभुशीत.
रंजनबेनने फोन माझ्यासमोर धरला.
त्यात शर्वाणी, कानटोपीत, मागे पांढरंच पांढरं.

पाय फाकून टाक. एकावर दुसरं पडलं की आपटलीस.
(आपटले.)
गुडघा उचल, रांगोळी न पुसता अंगण ओलांडतेस तसं.
(हे जमलं.)
मागे नको जाऊस. मागे जाता येतच नाही, शेपूट रुततं.
वळायचं तर जरा जरा, मोठा फेरा घेऊन.
आणि पडलीस तर आधी हसून घे,
मग कुशीवर हो, मग गुडघ्यावर.

म्हटलं, अगं, मी अठ्ठ्याहत्तर किलोची.
तर म्हणाली, वजन तेवढंच राहतं, आई,
फक्त पसरतं.

नेटवर्क गेलं.

मग मी एकटीच चालले, पाण्याकडे.
दर पावलाला वाळू जाळीतून गळायची
आणि तात वाजायची, बारीक,
डाव्या पायाची जरा वरच्या पट्टीत.
साहेब कशाला मान डोलवायचे
ते आज पायाला कळलं.
विसाव्या की पंचविसाव्या पावलाला
एक दोरी तुटली.
मी खालीच बसले, पिशवीतून तात काढली,
एकाआड एक, वरून, खालून, ओढून गाठ.
रंजनबेन बघतच राहिली. तने आवडे छे?
बघून बघून आलं होतं मला.
ह्यांना कधी सांगितलं नाही.
दुकानात एकाच ओवणाऱ्याची खुर्ची होती.

काठाच्या ओलसर पट्ट्यात ठसे नीट उमटले,
लांबट, भलेमोठे, आत चौकडी.
म्हशी घेऊन आलेला पोरगा त्यांच्यापाशी थांबला.
मासी, आ कया जनावरनां पगलां छे?
मला दम लागला होता. रंजनबेन म्हणाली,
हिमालयनुं छे, भाई. पहेली वार नीकळ्युं छे.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
एका ठशात आपलं अनवाणी पाऊल ठेवून बघितलं.
मग दुसरंही. दोन्ही मावले.
म्हशी पाण्यात उतरल्या तरी
तो तिथेच होता,
ह्या ठशातून त्या ठशात,
गुडघे उचलून.