वेलांटी

भाचीच्या पोराला शाळेनं झाड काढायला सांगितलंय,
घराण्याचं.
चार फांद्या भरल्या. पाचवीवर त्यानं नुसतं लिहिलंय
‘पेत्र वैरागर ?’
त्या एका प्रश्नचिन्हासाठी
मी वाकडेवाडीहून पहाटेची एसटी धरली.

घोडनदीच्या अलीकडे, वजनकाट्याच्या मागे
तिन्ही बाजूंनी उसात बुडालेलं आमचं कबरस्थान.
चौथ्या बाजूला उंद्र्यांचा गोठा.
धार काढता काढता ते म्हणाले,
‘जा आत, पण काठी आपटत जा, जनावर फार.
माणूस म्हणाल तर गेल्या साली एक आला होता,
तो मोजणीवाला निघाला.’

चर्चच्या जाड वहीत मिळालं होतं ते एवढंच:
‘धोंडी, वय अदमासे वीस, धंदा दगडफोड.
नाव ठेविले पेत्र.’
दगडाचं नाव बदलून दगडच.
साहेबानं हे मुद्दाम केलं की नकळत,
आणि धोंडीला कुणी सांगितलं का, नवीन नावाचा अर्थ?

पिशवीत ज्वारीचं पीठ होतं.
झिजल्या दगडावर तळव्यानं चोळायचं,
मग पदरानं हलकं झटकायचं.
खाचेत उरेल तेवढं वाचायचं.

शांतवन भिंगारदिवे, मास्तर. प्रभूमध्ये निजला.
दिनाबाई, प्लेगात. वय नाही.
‘दोन दिवसांचा’, एवढंच,
त्यावर एक चिमणी, की कबूतर असेल.
पेत्र नाही.
बाभळीखाली नाही, कुंपणाच्या तारेत नाही,
पालथ्या पडलेल्या तीन दगडांखाली
उंद्र्यांच्या पोरानं पहार घालून पाहिलं,
गोम निघाली.

दुपारी घाम पुसत मास्तरांच्या दगडाशी बसले,
तेव्हा ‘निजला’मधली वेलांटी दिसली.
‘नि’वर थांबत नाही ती. ‘ज’ ओलांडते,
‘ला’च्या डोक्यावर विळ्यासारखी लोंबत राहते.

ही मी पाहिलेली आहे.
घोरपडीला, आत्याच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे
उभा करून ठेवलेला पाटा.
मिक्सर आल्यापासून त्यावर कुंडी असते.
त्याच्या कडेला नाव आहे ‘किसाबाई’,
आणि ‘कि’ची वेलांटी पार ‘बा’पर्यंत गेलेली.
लहानपणी आम्ही हसायचो:
बायकोचं नाव कोरताना पणजोबांचा हात घसरला.

घसरला नव्हता.
उठले, पीठ घेतलं, पुन्हा पहिल्यापासून.
दिनाबाईवर विळा. त्या दोन दिवसांच्या
‘दिवसांचा’वर विळा, जरा लहान, जपून.
अकरा दगड मोजले.
अकराव्यावर सन अठरा, तापाची साथ,
नाव अर्धंच कोरलेलं: ‘यमु’.
त्यानंतरचे सगळे दगड कोरे, नदीतून आणून नुसते रोवलेले.
कोरणाराच गेल्यावर
त्याचं कोण कोरणार?

नाही तरी ‘पेत्र’मध्ये वेलांटीला जागाच नाही.
‘धोंडी’त होती, पण ती दुसरी.

पोराला फोन लावला. ‘सापडले का?’
म्हटलं, ते प्रश्नचिन्ह खोडू नकोस.
फक्त खालचं टिंब पूस,
आणि वरचं जे उरेल ते थोडं ओढ,
शेजारच्या फांदीवर जाऊ दे.
‘बाई मार्क कापतील,’ तो म्हणाला.
कापू देत.

खाली पाहिलं तर मुंग्या आल्या होत्या.
मास्तरांच्या नावातला ‘शां’ त्यांनी केव्हाच नेला,
‘त’ची ने-आण चालू होती, ओळीनं, घाई नाही.
गोठ्यातून उंद्रे ओरडले,
‘ताई, चहा ठेवलाय, आणि तुमची गाडी गेली!’