उसनं भांडं

हॅलिफॅक्समध्ये रस्ता म्हणजे चढ,
नाहीतर उतार. सपाट असं काही
देवानं या गावाला दिलंच नाही.
गुरुवारी दहाला मी चॅपलच्या हॉलपर्यंत चढते,
तीनदा थांबते,
तिसऱ्यांदा न्हाव्याच्या दुकानाशी.
आतला तुर्की पोरगा आता हात हलवतो.

हॉलमध्ये गोल मांडलेल्या अकरा खुर्च्या,
हीटरला जळक्या धुळीचा वास,
भिंतीवर रविवारच्या शाळेतली कापसाची मेंढरं,
एकाचा पाय गळून पडलाय.
लिंडसी रबरी पट्टे वाटते,
प्रभुभोजनाची भाकर वाटावी तसे,
एकेकाच्या तळहातावर, नीट.
(हे मी तिला सांगितलेलं नाही.)

उठा. बसा. खुर्चीला हात न लावता.
लिंडसी आकडे म्हणते. मी नावं म्हणते.
एकाला थोरली, दोनाला धाकटी,
तीनला तिचा तो नवरा, सोसवत नाही तरी,
चारला संगमनेरची नणंद,
पाचाला माझ्या वॉर्डातून चालत घरी गेलेले सगळे,
सहाला न गेलेले.
साताला मांड्या थरथरतात
आणि तिथं शमुवेल येतो.

शमुवेल. उपास करायचा, रात्र रात्र प्रार्थना.
माती आहे गं, म्हणायचा, मातीचे कसले लाड.
साखर बावीस, इथल्या मापानं.
चल, निदान पार्कला एक फेरी, मी म्हणायची.
प्रभू बघेल, म्हणायचा.
प्रभूनं बघितलं असेल. ड्रेसिंग मी बदललं.
आधी अंगठा, मग पाऊल, मग पोटरीपर्यंत,
सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे गुडघे टेकून.
आयुष्यातली माझी सगळ्यात लांब प्रार्थना ती,
आणि तिच्यात मी नुसती चिडलेली होते.

आईनं शिकवलं होतं: शेजारणीचं भांडं
घासून परत द्यायचं, आणि रिकामं द्यायचं नाही.
चिमूटभर साखर तरी, नाहीतर कढीपत्त्याची काडी.
हे हाड, हा खांदा, हा चौसष्ट वर्षांचा गुडघा,
उसनाच ना?
मग कळकट करून
कुठल्या तोंडानं ठेवू त्याच्या ओट्यावर?
घासते आहे. राखेऐवजी रबरानं.
आत काय घालून द्यायचं
ते अजून ठरत नाही.

चार वर्षं झाली, कठड्यापाशी सगळे गुडघे टेकतात,
मी उभ्यानं हात पुढे करते,
पंगतीला उशिरा आलेल्या पाहुणीसारखी.
लिंडसीला फॉर्मवर ध्येय लिहून हवं होतं.
बाकीच्यांनी लिहिलं: जिना, बाग, नातवंडं.
मी लिहिलं: खाली.
खाली म्हणजे? तिनं विचारलं.
म्हटलं, जमिनीपर्यंत. आणि परत.

मागच्या गुरुवारी क्लिफर्डच्या बुटाची नाडी सुटली.
चाळीस वर्षं गालिच्याच्या गिरणीत होता,
पाठ वाकत नाही, शब्द तर त्याहून नाही.
तो उठला तेव्हा ती लोंबत होती,
अडखळणार होता,
आणि मी गेले खाली.
उजवा गुडघा, मग डावा. कट्ट आवाज झाला,
माझा की लाकडी फळीचा, कळलं नाही.
दुहेरी गाठ मारली.
घोटा सुजलेला. सवयीनं बोट दाबलं,
उचललं तरी खळगा तसाच राहिला.
उद्याच दाखव डॉक्टरला, मी म्हटलं, उद्याच.
त्यानं मान हलवली, शहाण्या मुलासारखी.

मग लक्षात आलं, मी कुठे आहे.

लिंडसी हात पुढे करत आली.
नको, म्हटलं. थांब.
कुणी काही बोललं नाही, हीटर तेवढा कुरकुरत होता.
मोजणं माझ्याकडेच आलं,
एकापासून, नावानिशी,
आणि साताला, शमुवेल,
उठले.