ऑगस्टपर्यंत

चिलोएच्या फेरीवर वारा इतका, की कॉफीचा कप
हातातच थंड झाला.
धक्क्यावर एरासमो मामा. एकटाच.
मिठी मारली तर त्याच्या जाकिटाला
आजोबांच्या तंबाखूचा वास. जाकीटच आजोबांचं.
मी काही बोलले नाही, तोही नाही.

मातीआड होऊन सोळा दिवस झालेले.
पुन्ता अरेनासला सुट्टीच मिळाली नाही,
हे मी वाटेत तीनदा घोकलेलं.
कुणी विचारलंच नाही.
ओतिलिया मावशीने नुसतं मिल्काओचं ताट पुढे सरकवलं:
"खा. बटाटे त्यांनीच काढलेत."

चुलीत लुमाचं लाकूड. तेही त्यांनीच फोडलेलं,
मार्चमध्ये, खोकत खोकत,
पडवीत छताला टेकेल एवढी रास.
"ऑगस्टपर्यंत पुरेल," म्हणाले होते फोनवर.
मी तेव्हा दुसऱ्याच कशात तरी होते.

आता हिवाळा त्यांच्या हिशोबाने चाललाय.
मावशी रोज मोजून चार फाटी घेते,
मग एक परत ठेवते.

रात्री सगळे निजल्यावर उठले.
गारठा हाडापर्यंत.
राशीतून एक फाटं उचललं.
कुऱ्हाडीचा घाव जरा तिरपा, उजवा खांदा दुखायचा त्यांचा.
चूल उघडली. निखारे अजून होते.

ते फाटं मी बॅगेत भरलं
आणि कुडकुडत
अंथरुणात शिरले.