वीस नॉट, दोनदा

जुसिलेदने ओलं मनगट माझ्या नाकासमोर धरलं.
वीस नॉट.
"काल साध्या फळीवरही वीसच होते, बाबा.
आकडा तोच."
मी कुठे काय म्हणालो?

काल भर दुपार होती,
माडांच्या झावळ्या एका अंगाला विंचरलेल्या,
आणि तिची फळी लाटालाटांवर आपटत
जिन्यावरून भांडी गडगडावीत तशी आली.
वीस नॉटांचा गवगवा पार चर्चपर्यंत.

आज सकाळी वारा एवढासा.
माझ्या जांगाद्याचं शीड नुसते ओठ हलवत होतं.
तिचा भाऊ नेलसीन्यू कमरेभर पाण्यात,
साधी फळी काखेत, पतंग डोक्यावर,
बस चुकल्यासारखा उभा.

आणि ही निघाली.
फळी पाण्याला सोडून वर आली,
खाली काळा खांब,
खांबाच्या टोकाला
(परवा वाळूत उलटं ठेवून दाखवलं होतं तिने)
विमानाचं पोर, पंखांसकट.
ते पाण्याखालून उडतं म्हणे,
म्हणून फळीला पाणी घासत नाही,
म्हणून अर्ध्या वाऱ्यात तेवढंच.

दहा वावांवरून गेली माझ्या.
चकार शब्द नाही.

चाळीस वर्षं मी वेग कानाने मोजला.
लाकडाखाली पाणी गुणगुणलं की तीन,
बडबडलं की पाच,
शिव्या द्यायला लागलं
की शीड सैल करायचं, मुकाट्याने.
आता जे पाणी काही बोलतच नाही
त्याला विचारायचं काय?

मग ती थांबली.
म्हणजे फळी थांबली. ती गेली पुढे.

साधी फळी जाळ्यावरून घसरून गेली असती,
तिला ओंजळभर पाणी पुरतं.
पात्याला छातीभर लागतं,
आणि छातीभर पाण्यात माझं जाळं होतं.

खोकत वर आली. आधी पतंग पाहिला,
मग जाळं, मग मी.

संध्याकाळी दारात बसलो सुई घेऊन.
काप स्वच्छ, एका रेघेत,
माशाने कधी इतकं नीट फाडलं नाही.
आमच्या भाषेत वेगाच्या नॉटला
आणि दोऱ्याच्या गाठीला एकच शब्द.
मोजत होतो.
सतरा, अठरा.
विसाव्या गाठीला ती शेजारी टेकली,
घड्याळ काढून उंबऱ्यावर ठेवलं.
एकविसावी तिने मारली.
ढिली होती.
मी सोडली नाही.