पेटी उघडण्याची वेळ

आमच्या पडवीतच पोस्ट होतं.
एक टेबल, एक तागडी, शिक्क्याची काळी गादी,
आणि बाहेर भिंतीला, माझ्या नाकाच्या उंचीवर,
तांबडी पेटी. खाऱ्या वाऱ्यानं
तिचं तोंड कायम थोडं वासलेलं.

दुपारी तीनला, जैतापूरहून तर यायच्या आधी,
ती उघडायचं काम माझं.
अण्णा किल्ली द्यायचे
मोठ्या माणसाला द्यावी तशी, न बोलता.

शिमग्याची पालखी नाचून गेली
त्या आठवड्यात पहिल्यांदा दिसलं:
आत, वरच्या पत्र्याला, एका देठावर लोंबणारं,
चार आण्याएवढं, राखाडी.
त्यावर एकच गांधील,
कंबर दोऱ्यानं आवळल्यासारखी.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.
पत्रं काढली. कुणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलंस,
पुढे पुष्कळांनी विचारलं.
घरात माझं असं काही नव्हतं.
फ्रॉक ताईचा, पाटी ताईची,
शाळेत हाकसुद्धा "हेमलताची बहीण".
आणि हे मात्र रोज वाढत होतं
फक्त माझ्यासमोर.
रुपयाएवढं झालं, मग पुरीएवढं.
एकीच्या सात झाल्या, मग मोजता येईनात.
खोल्यांत पांढरं काहीतरी वळवळायचं,
शिताएवढं, पण तोंड असलेलं.
हात कसा घालायचा ते मला कळलं होतं:
हळू, श्वास धरून, सावली न पाडता.

वैशाखात एका दुपारी शिंक आली.

मनगटावर निखारा. दुसरा.
कानामागे तिसरा.
वाळत घातलेल्या आमसुलांवरून धावले मी,
किल्ली मुठीत तशीच.
"काय झाला गो?" भागीकाकी सारंग कुंपणापलीकडून,
आणि मी काही सांगायच्या आत
कोयती घेऊन आलीसुद्धा.
थंड पातं घासलं, वर चुना थापला.
आई म्हणाली, "दोन महिने माहीत होतं?"
आणि मग काहीच म्हणाली नाही.

तिन्हीसांजेला दावूद सोलकर आला,
उतारू तरीत तसेच बसवून,
हातात पेटलेली चूड.
"जाळून टाकू, मास्तर."
अण्णा पेटीच्या आडवे उभे राहिले.
"आत लोकांची पत्रं आहेत, दावूद."
चूड जळत आली त्याच्या बोटांपर्यंत.
खाडीतून उतारू हाका मारत होते.

शेवटी त्यानंच घरून ऊद आणला.
खापरीत धूर केला. गांधिली जड झाल्या,
एकेक करून निसटल्या माडाकडे.
अण्णांनी बाही ओढून हात घातला.
सहा पत्रं निघाली,
मागून पोळं, देठासकट.

कंदिलाखाली ते माझ्या बऱ्या तळहातावर ठेवलं.
वजनच नव्हतं.
"कागद आहे हा," अण्णा म्हणाले.
"लाकूड चावतात, थुंकी लावतात. कारखाना."
आणि त्या राखाडीत मधोमध
एक निळा पट्टा होता.

अण्णांनी पत्रं उलटीपालटी केली.
एक इनलँड कुरतडलेलं, नेमकं नावावर.
खाली "वेरावळ बंदर" तेवढं शाबूत.
आमच्या वाडीतली अर्धी माणसं
तेव्हा वेरावळच्या बोटींवर होती.

ते फोडायचं नसतं. अण्णा दारोदार फिरले,
मी मागोमाग, हात पोटाशी धरून.
आमचं नाही, म्हणाले सगळे.
भागीकाकीनं सर्वांत जास्त वेळ हातात धरलं.
लिहिता येत नव्हतं तिला,
कुणाकुणाकडून लिहून घ्यायची.
अंगठा फिरवला फाटक्या कडेवरून.
"माझा न्हय," म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

पत्र रत्नागिरीला परत गेलं, शिक्का मारून.
पोळं मी कंपासपेटीत ठेवलं होतं,
मृगापर्यंत त्याचा भुगा झाला.
कुणाचं तरी नाव
चावून चावून मऊ केलं होतं त्यांनी
आणि त्या भिंतीआड पोरं वाढवली होती.
हे मला तेव्हा सुचलं नाही.
तेव्हा फक्त खाज सुटायची.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता
अण्णांनी किल्ली पुढे केली.
माझा उजवा हात पावासारखा फुगलेला.
त्यांनी तो पाहिला,
आणि किल्ली डाव्यात दिली.