वेबिल

मला शेवटचे आठवतात ते सुट्टे पैसे.
चोपडा–अमळनेर, सकाळची सव्वासातची.
तापीचा पूल यायचा होता
आणि एका म्हाताऱ्याने दिलेल्या पन्नासच्या नोटेकडे
मी इतका वेळ बघत राहिले
की पूल येऊन गेला.

तिथून पुढचे एकेचाळीस दिवस माझ्याकडे जमा नाहीत.
जे आहेत ते लोकांकडून उसने.

ड्रायव्हर पुंडलिकआप्पा सांगतात,
पुढच्या थांब्यावर मी सगळ्यांना खाली उतरवलं;
म्हटलं, आत मेलेले बसलेत, आधी त्यांची तिकिटं.
रात्री मी आईला विचारलं,
‘तू कोन शे?’
आई म्हणते, आपलीच बोली,
पण दारावर अनोळखी माणूस उभं राहावं तशी ऐकू आली.

श्रावण होता. गल्लीत कानबाई बसलेली,
नारळाला नथ, डोळे, हळदकुंकू.
बायका म्हणाल्या, पोरीच्या अंगात आली, भाग्याची.
दोन दिवस माझ्या पाया पडल्या.
तिसऱ्या दिवशी मी रोटांचं ताट शेजारणीच्या कपाळावर हाणलं,
तेव्हा ठरलं की ही कानबाई नाही, दुसरंच कुणी.
मग लिंबू. मग धूर. मग लासूरकडचा भगत.
त्याच्या चिमट्याचा डाग डाव्या दंडावर आहे.
ते अंग माझंच होतं
याचा माझ्याजवळ एवढाच पुरावा.

जळगावला मनाच्या दवाखान्यात
फाइलवर एक लांबलचक नाव लिहिलं गेलं.
हेमराज, माझा भाऊ, जिन्यात बसून अक्षरं जुळवत राहिला.
इंजेक्शनांनी मी लाकूड झाले,
कुणी हात वर केला की तो वरच.
जबडा तेवढा चालू, तोंडात काही नसताना चघळणं,
ओठांच्या कोपऱ्यात रक्त.
आणि मध्येच उजवा अंगठा हवेत दाबायचा, फाडायचा,
दाबायचा, फाडायचा.
वॉर्डातल्या मावश्या हसल्या.
आई म्हणाली, हसू नका,
पोरगी तिकिटं काढतेय.

त्या डॉक्टरांना मी शिव्या घालणार होते. पण
ताप चढला त्या रात्री
फाइलवरचं ते नाव त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं.
हेमराजला म्हणाले, माझं चुकलं असेल.
ही मेंदूची सूज वाटते.
धुळ्याला न्या, आत्ता, सकाळची वाट बघू नका.

मणक्यातून काढलेलं पाणी पुण्याला गेलं,
नवव्या दिवशी उत्तर आलं.
डाव्या अंडाशयात गाठ निघाली,
भगताच्या लिंबाएवढी.
आत केस. एक दात.
तिला मारायला निघालेले माझ्याच रक्तातले शिपाई
मेंदूत शिरून तिथे मारत सुटले होते.
हे डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं,
मला तेव्हा बोलता येऊ लागलं होतं.
मी म्हटलं, म्हणजे तपासणी पथक,
एका फुकट्यापायी
सगळ्या पासवाल्यांना उतरवणारं.
त्या हसल्या. आई रडली.
सव्वा महिन्यात मी केलेला पहिला विनोद.

डेपोत पावतीपुस्तक फिरलं, औषधांचे पैसे उभे राहिले.
गोळ्यांनी चेहरा भाकरीसारखा फुगला, मग उतरला.
आलेलं स्थळ मात्र परत फिरलं.
सूज म्हटलं की लोक पायाकडे बघतात,
मेंदू म्हटलं की दाराकडे.

अजूनही पुलावर गाडी आली
की मी नोटा मोजते. दोनदा.

गेल्या आठवड्यात शिरपूरच्या गाडीत
एक आजी, मांडीवर नारळ, अगरबत्तीचा पुडा.
दोन तिकिटं म्हणाली, एक पूर्ण, एक अर्धं.
नातीच्या अंगात येतं, बाहेरचं आहे,
उतरवायला नेते.
खिडकीशी अकरा-बारा वर्षांची पोर,
काचेवर कपाळ टेकून चघळत बसलेली.
मी विचारलं, काय खाते ती?
आजी म्हणाली, काहीच नाही माय,
सोमवारपासून पाणीसुद्धा नाही.

हातेडचा फाटा मागे पडत होता.
मी घंटीची दोरी ओढली.
एकदाच.