जवारी

हिदायतचं म्हणणं, उलट्यांचं बिऱ्हाड आता संपलं.
तसं ते चालूच आहे, दर रविवारी साडेनऊला.
दामू उलटे अजून कपाट उघडतो,
अंगावर सगळं कोसळतं: पाट, छत्र्या, सासऱ्यांचा फोटो,
आणि खालून त्याचा आवाज येतो, 'घेतलं अंगावर!'
पण हसू संपलं, हिदायत म्हणतो.
पुराव्यानिशी म्हणतो.

पुरावा म्हणजे दोनशे पानी वही,
दुकानात लाखेच्या डब्यामागे ठेवलेली.
तारीख, भाग, किती वेळा हसलो.
पहिल्या वर्षी चौदा, सतरा, एकदा एकवीस
(बकरीनं वीजबिल खाल्लं आणि दामू
बकरीलाच घेऊन रांगेत उभा राहिला, तो भाग).
गेल्या वर्षी तीन. दोन. तीन.
या रविवारी एक,
आणि तोही जाहिरातीला.

'लिहिणारे बदलले, मुनीर,' खुंटी तासता तासता तो म्हणतो,
'पूर्वी आधी विनोद यायचा, मागनं बकरी.
आता नुसतीच बकरी येते.'

खोटं नाही. परवाच्या भागात
दामूनं एकच गंमत दोनदा सांगितली
आणि तिसऱ्यांदा समजावली,
पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकाला
आपण भोपळा समजावतो तशी.
मी हसलो नाही. हिदायतकडे बघितलंही नाही,
उगाच त्याला जिंकल्यासारखं वाटायला नको.

पण एका दुपारी तो नमाजाला गेला
आणि मी वही चाळली.
मधलं एक अख्खं वर्ष शून्य.
शून्यंही कशी, गोल, सुबक,
कंपासनं काढल्यासारखी.
मला ते वर्ष आठवतं. बाब्यानं
शाळेतला आपला हजेरी नंबर भाड्यानं दिला होता,
मी हसून हसून खुर्चीवरनं खाली,
तोंडातला चहा नव्या तंबोऱ्याच्या तबलीवर.
हिदायत शेजारीच होता.
रुकय्याभाभी त्या वर्षी मिशन दवाखान्यात होत्या,
आणि तो रोज डबा पोचवून
साडेनऊच्या आत परत यायचा,
वही घेऊन बसायचा.

वही मी होती तिथं ठेवली.

घोडीचं एक असतं.
तार रोज घासते, हाडाला खाच पडते,
सूर बसका होतो. मग कानस घेऊन
घोडी साफ करावी लागते, केसाएवढी.
गिऱ्हाईक मात्र म्हणतं, तार बदला.
कुणी म्हणतं, भोपळाच जुना झाला.
एकदा एक म्हातारे गवई म्हणाले होते,
वाद्य बरंय रे, माझाच कान आज बरा नाही,
आणि पैसे देऊन गेले.
असलं गिऱ्हाईक परत आलं नाही.

बाब्या अजून चौथीत आहे.
हिदायतची तरन्नुम चौथी पास झाली,
इस्लामपूरला शिकली, इचलकरंजीला दिली,
आणि आता तिचा पोरगा सुट्टीत येऊन
आमच्या दोघांच्या मध्ये बसतो, कुरमुरे सांडत.

काल दामू कपाटाकडे निघाला.
चोविसावं वर्ष, तेच कपाट.
हिदायतनं पेन्सिल कानामागनं काढलीसुद्धा नाही.
दामूचा हात नुसता कडीकडे गेला,
आणि पोरगं खदखदून हसलं.

'आत्ता का हसलास? अजून काय पडलं नाही की!'

'पडणार आहे ना, नाना!'

पडलं. पाट, छत्र्या, फोटो.
तेव्हा ते हसलं नाही, कुरमुरे वेचत होतं.
हिदायत मात्र त्याच्याकडे बघत राहिला,
मग वही उघडली, बराच वेळ रकाना शोधला,
आणि मला विचारलं,
पडायच्या आधीचं हसू
कुठं लिहायचं रे?

मी तारेखालचा दोरा सरकवत होतो.
त्या दोऱ्याला आमच्यात जीव म्हणतात.
थोडा अलीकडे, थोडा पलीकडे.
म्हटलं, थांब जरा,
आत्ता लागतोय.